मुंबईचा डॉक्टर की रत्नागिरीचा?

कोकणातल्या घरात कुणाला नैराश्य किंवा चिंतेचा आजार झाला की पहिला फोन मुंबईला जातो. "इकडे घेऊन या, इथे मोठे डॉक्टर आहेत." आमच्याकडेही तेच झालं. राजापूरजवळच्या वाडीतून मला डोंबिवलीला भावाकडे नेलं. चार महिन्यांनी परत आले आणि पुढचे उपचार रत्नागिरीत पूर्ण केले.

कुठे जायचं हे ठरवण्याआधी आजार किती दिवसांचा ते समजून घ्या. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, पुरता यायला ६ ते ८ आठवडेही. सुरुवातीला मळमळतं, कधी घालमेल वाढते, आणि नेमकी तेव्हाच गोळी सुटते. बरं वाटू लागल्यावरही निदान ६ महिने ती चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू. म्हणजे काम वर्षभराचं आहे. एकदा दाखवून आणलं, झालं, असं होत नाही.

मुंबईची जमेची बाजू म्हणजे समुपदेशन. विचारांची आणि वागण्याची गाठ सोडवत नेणारी सीबीटी आठवड्याला एक बैठक अशी १२-१६ आठवडे चालते, आणि ती मराठीतून नीट करणारी माणसं तिथे जास्त सापडतात. केईएम, नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, खर्च कमी. ओळखीचं कुणी भेटत नाही, हाही दिलासा. पण दोन खोल्यांत सहा माणसं. रडायचं तरी कुठे? छाती धडधडत असताना लोकलमध्ये चढणं मला जमायचंच नाही. आणि गावी परतल्यावर तपासणीला जायचं कसं? पावसात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, मे महिन्यात आणि गणपतीत तिकीट मिळत नाही. माझ्या दोन तपासण्या चुकल्या, गोळ्या संपल्या, आणि तीन आठवड्यांत झोप पुन्हा उडाली.

रत्नागिरीची अडचण नावात आहे. "रत्नागिरीला न्यायला हवा" याचा अर्थ आमच्याकडे एकच, वेड्यांचं इस्पितळ. तिथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे खरं, पण बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळच्या एसटीने घरी येता येतं, हे कुणी सांगत नाही. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रायगडवाल्यांना अलिबाग. गर्दी असते, डॉक्टरांना वेळ थोडा मिळतो, समुपदेशनाची बैठक मनासारखी लांब होत नाही. तरी महिन्याच्या महिन्याला जाणं माझ्याच्याने झालं ते इथेच. डॉक्टरांनी रोज ठरल्या वेळी एक छोटं काम करायला सांगितलं, मन लागो न लागो. मी परड्यातल्या माडांना पाणी घालायला लागले. डोंबिवलीत माझं म्हणावं असं एकही काम नव्हतं, आणि मला ते फार लागलं होतं.

कुठेही गेलात तरी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी १२ तपासून घ्या. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, पण कौल मिळाला म्हणून गोळी थांबवू नका.

फोनचा मार्ग तिसरा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. जायला धीर होत नसेल तर सुरुवात इथून करा. मुंबईच्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलणंही चालतं, फक्त रेंज येते ती जागा आणि घरच्यांच्या कानाआडची जागा एकच असावी लागते!

माझं मत: गोळ्यांचे उपचार जवळच्या डॉक्टरांकडे, बोलण्याचे फोनवर. दोन वेगवेगळी औषधं पुरेसा काळ घेऊनही फरक नसेल, किंवा निदानच पक्कं होत नसेल, तर मात्र मुंबईला जा, आणि आधीचे सगळे कागद बरोबर न्या.

जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर यातलं काहीच तोलत बसू नका. त्याच दिवशी सगळ्यांत जवळचं सरकारी रुग्णालय गाठा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. आंब्यावर फवारायचं औषध पडवीतून हलवा. माझ्या वेळी वहिनीने ते शेजारच्या घरी नेऊन कुलपात ठेवलं होतं. मला ते पुढच्या मोहोराच्या वेळी कळलं.