सरपंचाच्या हद्दीत की महापालिकेच्या? बडोद्याच्या वेशीवर घर घेण्याआधी

रावपुऱ्यातला नाहीतर दांडिया बाजारातला वाड्याचा हिस्सा विकून कितीतरी मराठी कुटुंबं आता शहराच्या पश्चिमेला घर बघतात. एजंट एकाच दुपारी दोन घरं दाखवतो. एक महापालिकेच्या हद्दीत असतं. दुसरं दोन-तीन किलोमीटर पुढे, जिथे अजून सरपंच आहे आणि तलाटी बसतो. लाद्या सारख्या, लिफ्ट सारखी, पण पुढच्या घराचा भाव कमी. वर तो म्हणतो, "काका, इथे वेरापण कमी."

वेरा, म्हणजे घरपट्टी, कमी असतो, हे खरंच आहे. पण त्यावर निर्णय करू नका. वेऱ्यात वर्षाला वाचणारी रक्कम मैला उपसणाऱ्या गाडीच्या काही फेऱ्यांत निघून जाते. दोन्ही घरांत पहिला प्रश्न एकच विचारायचा: संडासाचं पाणी जातं कुठे?

जून २०२० मध्ये भायली, सेवासी, वेमाली, बिल, करोडिया, उंडेरा आणि वडदला ही सात गावं बडोदा महापालिकेत आली. तिथल्या पंचायती संपल्या. हद्दीची रेघ आता या गावांच्या पलीकडच्या शिवारातून जाते. एका बांधाच्या अलीकडे नगरसेवक, पलीकडे सरपंच. म्हणून घर बघताना गावाच्या नावावर विसंबू नका, सर्वे नंबर घ्या. जाहिरातीत "भायली" लिहिलेली जमीन शेजारच्या गावाच्या दप्तरात निघू शकते.

मैलापाणी

महापालिकेच्या हद्दीत घर आहे म्हणजे ड्रेनेज आहे, असं धरून चालू नका. नव्यानं आलेल्या भागात तीन अवस्था दिसतात. मोठी लाइन पडलेली आणि सोसायटी जोडलेली, लाइन पडलेली पण जोडणी बाकी, आणि लाइनच नाही. बिल्डर तिन्ही ठिकाणी "कॉर्पोरेशनचं ड्रेनेज" असंच म्हणतो. खात्री करायची तर सकाळी सात-साडेसातला, सगळ्यांच्या अंघोळी चालू असताना, सोसायटीचं शेवटचं चेंबर उघडायला लावा. पाणी वाहत असेल तर ठीक. तुंबून काठोकाठ उभं असेल, तर लाइन चोक आहे किंवा पुढे जोडलेलीच नाही. जोडणीची मंजुरी आणि पैसे भरल्याची पावती कमिटीकडे असते, ती मागा.

पंचायतीत बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, म्हणजे इकडे ज्याला खाळकुवा म्हणतात तो. एका बंगल्यासाठी ही व्यवस्था नीट बांधली तर वर्षानुवर्षं चालते. पाच माणसांसाठी भारतीय मानकानुसार टाकी आतून १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर धरतात. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर लांब हवा. छोट्या प्लॉटवर शेजाऱ्याचा बोअर धरून हे अंतर सहसा जमत नाही. खरी चूक इथेच होते. आपला खाळकुवा आणि शेजाऱ्याचा बोअर यांच्यात एक कंपाउंड भिंत असते, पण जमिनीच्या आत भिंत नसते.

फ्लॅटच्या स्कीमला हेच गणित वेगळं पडतं. १०० फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, माणशी १३५ लिटर. रोज ५४,००० लिटर पाणी लागलं. त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे ४३,००० लिटर, मैलापाणी म्हणून परत येतं. एवढं पाणी रोज जमिनीत मुरवायचं आहे. महीच्या बाजूची गोराडू (वाळूमिश्रित) जमीन पाणी पिते. काळी माती पावसाळ्यात फुगते, भेगा मिटतात, आणि खाळकुवा जुलैत भरला की दिवाळीपर्यंत उतरत नाही. मग तळमजल्याच्या संडासात पाणी उलटं येतं.

प्लॉट घेत असाल तर मातीची परीक्षा दोन दिवसांत घरच्या घरी होते. शोषखड्डा जितका खोल घेणार तितक्या खोलीवर एक फूट लांब-रुंद खड्डा घ्या, तळाला पाच सेंटिमीटर खडी घाला आणि रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी खडीच्या वर १५ सेंटिमीटर पाणी ठेवा आणि पट्टी उभी धरून अर्धा तास बघा. तेवढ्या वेळात पाणी अडीच सेंटिमीटरही उतरलं नाही, तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. ही परीक्षा मे महिन्यात करू नका, कोरडी जमीन फसवते. पाऊस झाल्यावरच करा.

टाकीत साचलेला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, आणि तो सक्शनच्या गाडीनंच. २०१३ च्या कायद्यानं माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, आणि ज्यानं काम सांगितलं तो, म्हणजे सोसायटीची कमिटी, त्यात अडकते. कोणी "माणूस उतरतो, स्वस्तात होतं" म्हणालं तर त्याला गेटवरूनच परत पाठवा. त्या टाकीत साचलेला वायू काही क्षणांत जीव घेतो.

पाणी

शहराला महीच्या काठावरच्या फ्रेंच वेलमधून (नदीच्या वाळूतलं पाणी गोळा करणाऱ्या विहिरींतून) आणि आजव्याच्या सरोवरातून पाणी येतं. पाणी गोड. विलीन झालेल्या गावांत ते घरापर्यंत पोचलंय का, किती मिनिटं येतं आणि अंडरग्राउंड टाकीत स्वतःच्या दाबानं चढतं का, हे तिथे राहणाऱ्या बाईमाणसांना विचारा. त्यांच्याकडे मिनिटांचा हिशेब असतो.

पंचायतीत सोसायटीचा बोअर. जल जीवन मिशनचं ग्रामीण माप माणशी रोज किमान ५५ लिटर आहे, आणि फ्लॅटचं जगणं १३५ लिटरचं. म्हणून गावाच्या पाणीयोजनेत सोसायटीला जोडणी मिळाली तरी ती पुरत नाही, बोअर चालूच राहतो. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. सगळे आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे: टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ५०० पर्यंत उत्तम, २००० ही शेवटची मर्यादा. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर जवळपास मैला जमिनीत मुरतोय असा संशय घ्यावा. फ्लोराइड १.५ च्या वर चालत नाही. बिल्डरनं दाखवलेला रिपोर्ट घेऊ नका. नमुना स्वतः भरा, मोटर दहा मिनिटं चालू ठेवून.

पुराचं पाणी मात्र हद्द बघत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीनं धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली. सोसायटी जुन्या कांसवर, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक नाल्यावर, भराव टाकून तर बांधलेली नाही ना, हे गावाच्या जुन्या नकाशावर दिसतं.

रजाचिठ्ठी कोणाची?

सर्वांत जास्त फसगत इथे होते. बडोद्याभोवतीच्या बऱ्याच गावांत पंचायत आहे, पण ती गावं वुडाच्या, म्हणजे बडोदा शहरी विकास प्राधिकरणाच्या, विकास क्षेत्रात मोडतात. तिथे रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, वुडाची लागते. पंचायतीनं दिलेली रजाचिठ्ठी पुरत नाही. घरवेऱ्याची पावती हातात ठेवून "बघा, पंचायतीनं मान्य केलंय" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. वेरा अनधिकृत बांधकामावरही आकारतात. ती पावती मालकीचा पुरावाही नाही आणि परवानगीही नाही.

महापालिकेच्या हद्दीत रजाचिठ्ठी आणि बीयू, म्हणजे बिल्डिंग यूज परवानगी, दोन्ही महापालिकेची. पण विलीन गावातली इमारत २०२० च्या आधीची असेल, तर तिची परवानगी कोणी दिली होती ते शोधा. बीयू नसेल तर फायरची मंजुरी, बँकेचं कर्ज आणि पुढची विक्री, तिन्ही अडतात. २०२४ च्या राजकोट गेमझोनच्या आगीनंतर अशा इमारतींची तपासणी कडक झाली आहे.

जमिनीचे कागद दोन्हीकडे सारखेच बघायचे: ७/१२, ८ अ, आणि गाव नमुना ६ (फेरफार) मधल्या १९५१ पासूनच्या नोंदी. ७/१२ वर "नवी शरत" लिहिलेलं असेल तर कलेक्टरची परवानगी आणि प्रीमियम भरल्याशिवाय ती जमीन विकता येत नाही. एनएचा, म्हणजे बिगरशेतीचा, हुकूम असेल तर त्यातल्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. रहिवासासाठीच एनए आहे ना, आणि किती चौरस मीटरचं? काही वेळा सर्वे नंबरच्या अर्ध्याच भागाचं असतं.

मग टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम, म्हणजे मूळ जमिनी पुन्हा आखून, काही भाग कापून परत देण्याची योजना. १९७६ च्या गुजरातच्या कायद्यानुसार टीपीत जमिनीचा ४० टक्क्यांपर्यंत भाग कापला जाऊ शकतो: रस्त्यांसाठी १५, बागा-मैदानांसाठी ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी ५ आणि प्राधिकरणानं विकण्यासाठी १५. पंचायतीतल्या स्वस्त प्लॉटची स्वस्ताई अनेकदा यातच दडलेली असते. टीपी जाहीर झालेली नाही, कपात व्हायची आहे, आणि विकणारा मूळ क्षेत्रफळानं भाव लावतोय. एफ फॉर्म मागा. त्यात मूळ प्लॉट, फायनल प्लॉट, दोन्हींचं क्षेत्रफळ आणि भरायची रक्कम ओळीनं लिहिलेली असते. दस्तात फायनल प्लॉटचा नंबर आला पाहिजे. ७५ मीटर रिंगरोडच्या जवळची जमीन असेल तर रस्त्याची आखणी नकाशावर स्वतः मोजून घ्या.

गामतळातलं, म्हणजे गावठाणातलं, जुनं घर ही वेगळीच गोष्ट. तिथे ७/१२ नसतो, पंचायतीच्या आकारणी रजिस्टरवर नाव असतं. घर मजबूत, अंगण मोठं, भाव कमी, पण प्रॉपर्टी कार्ड बनलेलं नसेल तर बँक सहज कर्ज देत नाही. रोखीनं घेऊ शकणाऱ्यानंच तिकडे बघावं.

स्टॅम्प ड्यूटी दोन्हीकडे ४.९ टक्के, नोंदणी फी एक टक्का, आणि दस्त एकट्या बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ. फरक पडतो तो जंत्रीच्या, म्हणजे सरकारी मूल्यांकनाच्या, दरात.

वेरा आणि वीज

महापालिकेचं बिल क्षेत्रफळावर आधारित. इमारतीचं वय, परिसर, वापर, आणि मालक राहतो की भाडेकरू, यावर ते बदलतं. पाणी आणि ड्रेनेजचे आकार त्यातच. आगाऊ भरल्यास सूट मिळते. पंचायतीत घरवेरा, पाणीवेरा, सफाई आणि दिवाबत्ती, सगळं मिळून कमी भरतं.

वीज दोन्हीकडे एमजीव्हीसीएल या सरकारी वीज कंपनीची. "गावात लाइटबिल कमी" असं सांगितलं जातं, त्यात एक अट लपलेली आहे. ग्रामीण घरगुती दर पंचायतीच्या गावांना मिळतो, पण शहरी विकास प्राधिकरणाच्या हद्दीतल्या गावांना तो लागू होत नाही. वुडाच्या क्षेत्रात घर घेतलंत तर सरपंच गावचा आणि वीजदर शहरचा.

कोणासाठी काय

आईवडील सोबत असतील, किंवा घर बंद ठेवून मुलांकडे परदेशी जाणं-येणं असेल, तर महापालिकेतलं, ड्रेनेज खरोखर जोडलेलं, बीयू असलेलं घर घ्या, जास्त पैसे पडले तरी. सोसायटीचा बोअर, टाकी, मोटर आणि टँकर यांच्यामागे कमिटीत धावणारा माणूस ज्या घरातून निघू शकत नाही, त्या घरानं पंचायतीत जाऊ नये. फायनल प्लॉट नक्की झालेला, वुडाची रजाचिठ्ठी असलेला बंगला आणि त्यात दहा-पंधरा वर्षं राहायची तयारी असेल, तर मात्र पंचायतीतलं घर चांगलं आहे. मोकळी हवा आहे, आणि काम करून घ्यायची वाट जवळची आहे.

दाद कुठे मागायची

शहरात १९ वॉर्ड आणि ७६ नगरसेवक. २०११ ची १६.७ लाख लोकसंख्या धरली तरी एका नगरसेवकामागे सुमारे २२,००० माणसं येतात. पंचायतीच्या वॉर्डात मतं शेकड्यांत मोजतात. सरपंच थेट लोकांतून निवडून येतो, पक्षाच्या चिन्हावर नाही. सकाळी दुधाच्या डेअरीपाशी तो भेटतो.

मात्र त्याच्या हातात पैसा किती, तेही बघा. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रँटमधली ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, आणि वाटपाचा मुख्य आधार २०११ ची लोकसंख्या. तेव्हा जिथे शेतं होती तिथे आज टॉवर आहेत, पण टॉवरमधली माणसं त्या आकड्यात नाहीत. सोसायट्यांचा कचरा गावाच्या एकाच ट्रॅक्टरवर येतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच. शहरात खासगी सोसायटीच्या आतल्या रस्त्यासाठी जनभागीदारी योजना आहे: ७० टक्के राज्य सरकार, २० टक्के सोसायटी, १० टक्के महापालिका. पंचायतीत आतला रस्ता सोसायटीनंच करायचा, असं धरूनच मेंटेनन्स ठरवा.

पंचायतीत घर घेतलंत तर पहिल्याच महिन्यात फॉर्म ८ भरून मतदारयादीतलं नाव नव्या पत्त्यावर आणा. बहुतेकांची नावं जुन्या वाड्याच्या पत्त्यावरच राहतात. मग ग्रामसभेत त्यांना मत नसतं, आणि दिवाबत्ती गामतळात लागते. ग्रामसभेच्या आधी आपला विषय लेखी द्या, तलाट्याकडून पोच घ्या, आणि ठराव झाला की शिक्क्याची नक्कल मागा. काम अडलं तर पुढे तालुका विकास अधिकारी, आणि महिन्याच्या चौथ्या बुधवारी तालुका स्वागत, म्हणजे तक्रारी ऐकायची सरकारी बैठक. तिथे टेबलावर पहिल्यांदा तीच नक्कल ठेवावी लागते.