एपिक्साबॅन ५ मि.ग्रॅ.: गोळी चोख, देणाऱ्यांचा हात आखडता

हृदयाचे ठोके बेताल झाले (एट्रियल फिब्रिलेशन) की वरच्या डाव्या कप्प्यात रक्त साकळतं. तिथली गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू. पंचाहत्तरीनंतर हा धोका सर्वांत जास्त, आणि नेमकी तेव्हाच एपिक्साबॅनसारखी रक्त पातळ करणारी गोळी टाळली जाते. कारण ठरलेलं: ‘आजी पडल्या आणि रक्तस्राव झाला तर?’ वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीच्या काळात, १९९९ साली, कॅनडातल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं होतं. पडण्याच्या भीतीने औषध टाळणं योग्य ठरायला रुग्णाला वर्षातून सुमारे ३०० वेळा पडावं लागेल!

मग मधला मार्ग म्हणून ॲस्पिरिन लिहिली जाते. हा मार्ग कुठेच जात नाही. २०११ च्या ॲव्हेरोज चाचणीत ॲस्पिरिनवर वर्षाला ३.७ टक्के रुग्णांना पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळीचा त्रास झाला, एपिक्साबॅनवर १.६ टक्के. मोठा रक्तस्राव अनुक्रमे १.२ आणि १.४ टक्के.

दुसरी कंजुषी मात्रेत. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त. यातल्या दोन गोष्टी असतील तरच २.५ ची गोळी. ८१ वर्षांच्या, ४८ किलोच्या आजींना २.५ बरोबर. ८२ वर्षांच्या, ६८ किलोच्या, क्रिएटिनिन १.१ असलेल्या आजोबांना मात्र पूर्ण ५. नुसतं वय बघून अर्धी केली तर संरक्षण अपुरं पडतं.

वापरायला गोळी सोपी आहे. सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने, जेवणाआधी किंवा नंतर. पालेभाज्यांचं पथ्य नाही, वॉर्फरिनला लागणाऱ्या आयएनआरच्या (रक्त किती पातळ झालंय ते बघणाऱ्या तपासणीच्या) फेऱ्या नाहीत. गिळता येत नसेल तर कुटून पाण्यातून चालते. डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या औषधाची कॅप्सूल मात्र उघडायची नसते. खटकतं ते इतकंच की असर लवकर ओसरतो. दहाची स्ट्रिप पाच दिवसांत संपते आणि सुटी स्ट्रिप घेणाऱ्यांच्या घरी खंड पडतोच. महिन्याच्या ६० एकदम घ्याव्यात. २०२२ मध्ये पेटंट संपल्यापासून जेनेरिक गोळ्या मिळतात. विसरलेली गोळी आठवताच घ्यावी, पुढच्या वेळी दोन नकोत.

गुडघेदुखीसाठी परस्पर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतलं तर रक्तस्राव वाढतो. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर घटतो. हृदयात कृत्रिम धातूची झडप किंवा बरीच अरुंद झालेली मायट्रल झडप असेल तर ही गोळी नकोच, तिथे वॉर्फरिन किंवा त्याच जातीचं ॲसेनोकुमरॉल. त्यामुळे आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा, आणि पंचाहत्तरीनंतर सहा-सहा महिन्यांनी क्रिएटिनिन.