समुद्राची खोली दाखवणारा पृथ्वीगोल: जरूर घ्या, पण विषुववृत्ताची पट्टी बघून

शाळेच्या कपाटात एक ग्लोब होताच, रंगीबेरंगी देशांचा. त्यात समुद्र सगळीकडं एकसारखा निळा. पाचवीला अश्मयुग आलं की ‘माणूस आफ्रिकेतून जगभर पसरला’ एवढं सांगून मी पुढं सरकायचे. कसा पसरला, ते दाखवायला हाताशी काही नव्हतं. यंदा जूनमध्ये औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून खोलीप्रमाणे निळ्याच्या छटा असलेला 12 इंची पृथ्वीगोल आणला. 1,650 रुपये, पदरचे. धारूर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत तो आता खिडकीत असतो.

उथळ समुद्र फिका, खोल समुद्र गडद. सायबेरिया आणि अलास्का यांच्या मधलं पाणी एकदम फिकं दिसतं. ही बेरिंगची सामुद्रधुनी: रुंदी साधारण 85 किलोमीटर, म्हणजे गोलावर जेमतेम 2 मिलिमीटर, आणि खोली 50 मीटरच्या आसपास. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होता. आमच्या मुलांना मीटरपेक्षा फूट लवकर कळतात. 400 फूट म्हटल्याबरोबर एक जण ओरडला, “मॅडम, मंजी आमच्या बोअरएवढं!” पुढची वजाबाकी त्यांनीच केली. तिथं उरली ती जमीन, आशियातून अमेरिकेत चालत जाता येईल अशी.

कॅनडावर तेव्हा बर्फाच्या प्रचंड चादरी होत्या, ते मात्र गोलावर दिसत नाही. मुलांनी घरून कापूस आणला, सरकी काढली, खळीनं तो कॅनडाभर चिकटवला. अलास्कातून खाली यायची वाट बंद! आणि तरीही त्या बर्फाच्या पार खाली, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, व्हाइट सँड्सला, 21,000 ते 23,000 वर्षांपूर्वीचे माणसांच्या पावलांचे ठसे मिळालेत, त्यात बरेच लहान मुलांचे. मग माणसं आली कुठून? एका मुलीनं कापसाच्या कडेकडेनं, पॅसिफिकच्या किनाऱ्यानं बोट खाली आणलं. पुष्कळ अभ्यासकही आज हाच किनारी मार्ग धरतात. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, वर्गातली निम्मी मुलं तशीच. “पोरं बी संगं नेली व्हती का त्यांनी?” हा प्रश्न तिचाच. मोबाइलवर ठशांचा फोटो दाखवला, तर बराच वेळ तिनं तो हातातून सोडला नाही.

आता तक्रार. दोन अर्धगोलांचा सांधा झाकायला विषुववृत्तावर 5 मिलिमीटरची पिवळी पट्टी चिकटवली आहे. या मापात ते 200 किलोमीटर होतात. आफ्रिकेत एक वेळ चालून जातं, पण इंडोनेशियात ही पट्टी नेमकी सुलावेसी आणि हालमाहेरावरून जाते. न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया तेव्हा एकच खंड होता, ते फिक्या निळ्यात फार सुरेख दिसतं. पण तो खंड आणि आशिया यांच्या मधलं खोल पाणी कधीच आटलं नाही. माणूस तिथं किमान 50,000 वर्षांपूर्वी पोचला, म्हणजे तराफा किंवा होडी लागलीच. ज्या बेटांवरून त्यानं टप्पे घेतले असावेत, तीच पट्टीखाली! दुकानदार म्हणाले, “सगळे असेच येतात.” बदलून दिला नाही. शेवटी मी ब्लेडनं दोन बोटं पट्टी खरवडली. सांधा उघडा पडला, पण बेटं दिसली.

न्यूझीलंड ठळक छापलंय. तिथं पॉलिनेशियन दर्यावर्दी वस्तीला आले ते साधारण 13व्या शतकात, आपल्या देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तेव्हा. एवढ्या उशिरा! मुलांपेक्षा मीच जास्त चकित झाले.

कमान प्लास्टिकची आहे, पण तीस मुलांचे हात सोसतेय. शाळेसाठी घेणार असाल तर देशांच्या ग्लोबऐवजी हाच घ्या. फक्त दुकानातच खोक्यातून काढून सुलावेसी शोधा. सापडलं नाही तर बारीक पट्टीचा दुसरा मागा.

आमच्या गोलावरचा कापूस अजून तसाच आहे. उसाला जाईपर्यंत काढू नका, असं त्या मुलीनं बजावलंय.