कुस्कोवो की ओस्तान्किनो?
मॉस्कोतले हे दोन्ही उन्हाळी महाल शेरेमेत्येव या रशियन उमराव घराण्याचे, दोन्ही लाकडी, आणि दोन्हींच्या बाहेरून गिलावा. साम्य जवळपास इथेच संपतं.

कुस्कोवो १७७० च्या दशकातला, काउंट प्योत्र शेरेमेत्येव यांचा. फिकट गुलाबी दर्शनी भाग, समोर तळं, आत एकापाठोपाठ एक उघडत जाणारी दालनं. भिंतींवर चित्रं विणलेले फ्लेमिश पडदे (टॅपेस्ट्री), आणि नृत्याच्या शुभ्र दालनात आरसे! बागेतली शिंपल्यांनी मढवलेली कृत्रिम गुहा तर चुकवूच नये.

ओस्तान्किनो मुलगा निकोलाय यांनी १७९० च्या दशकात उभारला, तो मुळात नाटकासाठी. महालाच्या मध्यभागीच रंगमंदिर. प्रेक्षागृहाची जमीन यंत्राने वर उचलून रंगमंचाच्या पातळीला आणायची, की तयार झालं नृत्याचं दालन. सगळी यंत्रणा लाकडी, भूदास (जमीनदाराच्या ताब्यातल्या, बांधील) कारागिरांच्या हातची. इथे गायलेली प्रास्कोव्या झेम्चुगोवा हीसुद्धा जन्माने भूदास; निकोलाय यांनी १८०१ मध्ये तिच्याशी लग्न केलं.

बागेत रमायचं तर कुस्कोवो. पण वास्तुकलेसाठी एकच निवडायचा झाला, तर माझं मत ठामपणे ओस्तान्किनोला. फक्त त्याचं जीर्णोद्धाराचं काम बरीच वर्षं चाललेलं आहे. जाण्याआधी चौकशी करावी.