चावी बोनेटवर आणि इंजिनाचे फेरे ८२०

माझी पेट्रोल गाडी २००४ सालची आहे. गेल्या हिवाळ्यात तिचा 'चेक इंजिन'चा दिवा विझेना आणि सकाळी ती सुरू होताना कुरकुरू लागली, म्हणून परभणीतील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी, म्हणजे इंजिनातले दोष स्वतःच नोंदवणारी यंत्रणा, २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत तपासणीचे यंत्र जोडायचा सोळा पिनांचा कपलर असेलच असे नाही, आणि माझ्या गाडीत तो नव्हता. नेमका याचाच फायदा त्या गृहस्थांनी उचलला. "सर, ईसीएमपासून वेगळी लाइन ओढून लॅपटॉप जोडावा लागेल," असे सांगून (ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) त्यांनी ३,५०० रुपये घेतले, स्टिअरिंगखाली नवा कपलर बसवला आणि तासाभराने बोनेटवर ठेवलेल्या लॅपटॉपवर आकडे धावताना दाखवले. मी इतका भारावलो की मोबाइलने फोटोही काढला. मग ईसीएम गेल्याचे निदान झाले आणि वापरलेला दुसरा ११,००० रुपयांना बसला.

चौथ्या दिवशी दिवा पुन्हा पेटला. तो फोटो भाच्याने मोठा करून पाहिला. पडद्यावर इंजिनाचे फेरे मिनिटाला ८२० आणि पाण्याचे तापमान ८९ अंश होते, पण लॅपटॉपशेजारीच माझी चावी, तांबड्या गोंड्यासकट, पडलेली होती. बंद गाडीचा ईसीएम फेरे मोजणार कुठून? सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यादाखल जी डेमोची सोय असते, ती लावून ठेवलेली होती.

पुढे आयटीआयमधून निवृत्त झालेल्या ओळखीच्या एका सरांनी कपलर उघडला. १६ क्रमांकाच्या पिनेला बॅटरीचे १२ व्होल्ट आणि ४ व ५ ला अर्थिंगची वायर, एवढेच जोडलेले होते. त्यामुळे कपलर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या अडॅप्टरचा दिवा लागत होता आणि मी त्यालाच जोडणी समजून बसलो होतो. ईसीएम ज्या वायरवरून बोलतो ती के-लाइन ७ क्रमांकावर यायला हवी. ती जागा मोकळी होती आणि निळ्या वायरचे टोक टेप गुंडाळून आत खोचले होते. सरांनी समजावले, की या एकाच वायरवरून माहिती जाते आणि येतेही, संवाद नसताना तिच्यावर जवळजवळ बॅटरीइतके व्होल्टेज असते, आणि पाच व्होल्टची सिरीयल केबल मध्ये व्होल्टेज बदलणारे सर्किट न घालता थेट लावली तर केबलची चिप जळू शकते. त्यांनी तसे सर्किट घालून वायर जोडली, तेव्हा दोष निघाला तो तापमानाच्या सेन्सरचा. त्याचा कपलर गंजून हिरवा पडला होता. नवा १८० रुपयांत आला.

दुकानी परत गेलो, तर हातात असलेल्या चिठ्ठीवर "वायरिंग, १४,५००" याखेरीज ना शिक्का, ना सही. जुन्या गाडीत अशी जोडणी करून घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी चावी काढून पडद्यावरचे आकडे थांबतात का ते पाहावे आणि उतरवलेला ईसीएम स्वतःच्या ताब्यात घ्यावा. मी तो मागितला नाही. "भंगारात गेला," असे मला सांगण्यात आले. माझा धडधाकट ईसीएम एव्हाना दुसऱ्या कोणाला तरी ११,००० रुपयांना बसला असावा.