वार्षिक प्रवास विमा: अकरा महिन्यांचा वापर आणि थायलंडमधील एक अपघात

गेल्या वर्षी जूनमध्ये मी आणि माझ्या पतींनी एका खासगी कंपनीची वार्षिक ‘मल्टी-ट्रिप’ प्रवास विमा पॉलिसी घेतली. वर्षभरात कितीही वेळा परदेशी जावे, मात्र एक प्रवास ३० दिवसांहून लांबू नये, आणि वैद्यकीय खर्चासाठी प्रत्येकी १ लाख डॉलरपर्यंत संरक्षण मिळावे, असे तिचे स्वरूप आहे. पुढच्या महिन्यात तिचे नूतनीकरण आहे. पहिल्या प्रवासात, सिंगापूरला, आमची बॅग उशिरा पोहोचली आणि त्याची भरपाई फारशी खळखळ न होता मिळाली. त्याबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे नाही. लिहायचे आहे ते नोव्हेंबरमधल्या थायलंडच्या प्रवासाविषयी, कारण तिथे एकाच स्कूटरवरून, एकाच क्षणी पडलेल्या आम्हा दोघांपैकी माझा दावा मंजूर झाला आणि पतींचा नाकारला गेला.

चिआंग माईहून पाईला जाणारा १०९५ क्रमांकाचा रस्ता ७६२ वळणांसाठी प्रसिद्ध आहे. पाईच्या बाजारात हा आकडा छापलेले टी-शर्ट टांगलेले असतात. आम्ही १२५ सीसीची गिअर नसलेली स्कूटर भाड्याने घेतली होती. थायलंडमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, पती पुण्याच्या रहदारीत वीस वर्षे दुचाकी चालवत आहेत, आणि गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली स्कूटर जितक्या सहज घेतो तितक्याच सहज ही घेतली. दुकानदाराने परवाना मागितला नाही. त्याने तारण म्हणून फक्त पासपोर्ट ठेवून घेतला.

सकाळी धुक्याने रस्ता ओला होता. उतारावरच्या एका वळणावर कडेची बारीक खडी चाकाखाली आली आणि स्कूटर आडवी झाली. वेग फार नव्हता. माझे मनगट मोडले, गुडघ्याला सात टाके पडले. पतींचे कॉलरबोन दोन ठिकाणी मोडले. पाईच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे व प्रथमोपचार झाले. तिथल्या परिचारिकांनी ज्या मायेने आमची काळजी घेतली ती मी विसरणार नाही. प्लेट बसवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र चिआंग माईच्या खासगी रुग्णालयात जावे लागले.

तिथे दाखल करून घेण्यापूर्वी पहिली मागणी पासपोर्टची झाली, आणि पतींचा पासपोर्ट दुकानदाराच्या कपाटात होता. दुसरी मागणी अनामत रकमेची किंवा विमा कंपनीच्या हमीपत्राची होती. मी डाव्या हाताने मोबाइल धरून कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलत होते. फोन लगेच उचलला गेला, समोरची मुलगी अतिशय सौजन्याने बोलत होती, हे मी मुद्दाम नोंदवते. तिचा दुसराच प्रश्न होता, “मॅडम, गाडी कोण चालवत होतं, आणि त्यांच्याकडे आयडीपी आहे का?” आमच्याकडे तो नव्हता.

आयडीपी म्हणजे आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो, एक वर्ष चालतो, आणि त्याचे शुल्क १,००० रुपये आहे. त्यात दुचाकीसाठी ‘ए’ हा वेगळा वर्ग असतो; भारतातील परवाना केवळ मोटारीचा असेल, तर तो वर्ग मिळत नाही. थायलंडमध्ये परदेशी पर्यटकाकडे दुचाकी चालवताना हा परवाना असणे आवश्यक आहे. व्हिएतनामचा बेत असलेल्यांची अडचण आणखी मोठी आहे, कारण तो देश १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलाच आयडीपी मानतो आणि आपला १९४९चा असल्यामुळे तिथे चालत नाही.

आमच्या पॉलिसीच्या ४४ पानी दस्तऐवजात सत्ताविसाव्या पानावर एक वाक्य आहे: विमाधारक स्वतः दुचाकी चालवत असताना झालेल्या इजेचा खर्च, त्या देशात त्या वर्गाचे वाहन चालवण्याचा वैध परवाना त्याच्याकडे असेल आणि त्याने हेल्मेट घातले असेल, तरच देय राहील. मी मागे बसले होते, माझ्या डोक्यावर हेल्मेट होते, त्यामुळे ही अट मला लागू झाली नाही. माझ्या ४१,३०० बाथच्या बिलातून १०० डॉलरचे डिडक्टिबल, म्हणजे विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम, वजा होऊन उरलेली रक्कम सहा आठवड्यांत खात्यात जमा झाली. पतींचे बिल २,१२,००० बाथ झाले. ते आम्ही दोन क्रेडिट कार्डे आणि माझ्या धाकट्या भावाने त्या रात्री पाठवलेले पैसे यांवर भरले.

त्या बिलातील ३०,००० बाथ एका वेगळ्याच वाटेने कमी झाले. थायलंडमध्ये प्रत्येक वाहनाला सक्तीचा विमा असतो. तिथे त्याला ‘पो रो बो’ म्हणतात. चूक कोणाची हे न पाहता जखमीच्या उपचारांसाठी त्यातून ३०,००० बाथपर्यंतची प्राथमिक रक्कम मिळते. रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवरील बाईंनी स्वतःहून त्याची आठवण करून दिली. त्यासाठी स्कूटरच्या विम्याची प्रत आणि पोलिसांची नोंद लागली. प्रत दुकानदाराने मोबाइलवर पाठवली. गाडी घेतानाच त्या कागदाचा फोटो काढून त्यावरील मुदत पाहून घ्यावी, हे मला तेव्हा उमगले. स्कूटरच्या नुकसानीचे पैसे मात्र आमच्याच खिशातून गेले.

पतींच्या दाव्याबाबत आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर वेळेत आले, नकाराचे कलम त्यात स्पष्ट दिले होते, आणि वस्तुस्थिती आमच्या विरुद्ध असल्यामुळे आम्ही पुढे गेलो नाही. ज्यांचा दावा कागदपत्रे असूनही नाकारला गेला आहे त्यांनी मात्र तेवढ्यावर थांबू नये. विमा लोकपालांकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईची तक्रार विनाशुल्क आणि वकिलाशिवाय करता येते, त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत असते.

नकार बेकायदा होता असे मी म्हणत नाही. पण प्रस्ताव अर्जात मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण यांविषयी अकरा प्रश्न होते आणि देशांच्या यादीत थायलंडसमोर आम्ही खूण केली होती, तरीही ‘तिथे दुचाकी चालवणार का’ एवढा एक प्रश्न कुठेही नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते. तो विचारला असता, तर आम्ही आरटीओत जाऊन आलो असतो.

दस्तऐवज नंतर शांतपणे वाचला तेव्हा आणखी दोन फटी दिसल्या. ‘वैयक्तिक दायित्व’ या कलमातून वाहन चालवताना दुसऱ्याला झालेली इजा वगळलेली आहे. त्या वळणावर समोरून कोणी येत असते, तर त्यांच्या उपचारांसाठी या पॉलिसीतून एक पैसाही मिळाला नसता. दुसरे असे, की मायदेशी परतल्यानंतरचा खर्च यात धरलेला नाही. पुण्यात पतींना साडेतीन महिने फिजिओथेरपी घ्यावी लागली आणि आमच्या मेडिक्लेमनेही, रुग्णालयात मूळ भरती परदेशात झाल्याचे सांगून, तिचा खर्च नाकारला.

एका गोष्टीने माझा दावा सोपा केला. पाईच्या डॉक्टरांना मी पहिल्याच नोंदीत ‘हेल्मेट होते, मद्यप्राशन नाही, मागे बसलेली प्रवासी’ असे लिहून देण्याची विनंती केली होती, आणि कंपनीने पुढे जे तीन प्रश्न विचारले त्यांची उत्तरे त्या एका ओळीत होती.

पॉलिसी आम्ही पुन्हा याच कंपनीची घेत आहोत, कारण जे देय होते ते तिने दिले. या वेळी मात्र पैसे भरण्यापूर्वी मी ईमेलने विचारले, की आयडीपीत ‘ए’ वर्ग असेल तर किती सीसीपर्यंतची दुचाकी चालवलेली चालेल. चार दिवसांनी लेखी उत्तर आले: १५० सीसीपर्यंत. त्या उत्तराची प्रत पतींच्या नव्या आयडीपीसोबत पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवली आहे.