ख्याल ऐकायला कोणता इअरफोन: चू २, झीरो २ की हेक्सा?

आयईएमचे (कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनचे) बहुतेक आढावे इंग्रजी पॉप आणि रॉक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. तानपुरा, तबला, पेटी आणि एक गळा एवढ्यावर ज्याची मैफल उभी राहते, त्याच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही. म्हणून ही तुलना फक्त ख्याल आणि नाट्यसंगीतापुरती.

मूनड्रॉप चू २ बाजारात आला तेव्हा १९ डॉलरचा होता, सेव्हन हर्ट्झचा झीरो २ साधारण २५ डॉलरचा. दोन्हींत १० मिमीचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर आहे, दोन्हींची केबल काढता येते. कागदावर जुळी भावंडं. पण तानपुरा सुरू झाला की फरक कळतो. काळी एक या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते आणि डग्ग्याचा घुमारही त्याच टापूत येतो. झीरो २ मध्ये हा भाग भरदार आहे. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड शेवटपर्यंत ऐकू येते, तरीही गळा झाकोळत नाही. चू २ चा कल वरच्या पट्टीकडे. जवारी (तानपुऱ्याच्या तारेची झणकार) त्यावर फार सुंदर लागते, चाटेवरचा (तबल्याच्या काठावरचा) ‘ना’ टणक आणि स्वच्छ येतो. मात्र पेटी तार सप्तकात गेली की टोचायला लागते, आणि ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं जुनं गाणं लावलं तर गायकाआधी खरखरच पुढे येते. माझ्यासारखं ज्यांचं निम्मं ऐकणं जुन्या ध्वनिमुद्रणांचं आहे, त्यांनी सरळ झीरो २ घ्यावा.

ट्रुथइअर हेक्साची किंमत ८० डॉलरच्या घरातली, म्हणजे झीरो २ च्या तिपटीहून जास्त. त्यात एक डायनॅमिक आणि तीन बॅलन्स्ड आर्मेचर (वेगळ्या बनावटीचे, आणखी छोटे) ड्रायव्हर आहेत. पैसे कुठे गेले ते द्रुत लयीत समजतं. तान कितीही वेगाने आली तरी दाणा न् दाणा सुटा राहतो, आणि पेटी गळ्याला चिकटून न बसता त्याच्या मागे, आपल्या जागी वाजते. आवाज मोठा न करता हे सगळं ऐकू येतं, ही मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. डग्गा मात्र झीरो २ पेक्षा कोरडा आहे. शिवाय कानात जाणारी नळी जाड आहे. कान लहान असतील तर आधी घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

लोकलच्या गर्दीतच ऐकणार असाल तर या तिघांपेक्षा एटिमॉटिक ईआर२एसई बरा. त्याची तीन पदरी टिप (कानात बसणारी मऊ टोपी) खोल जाते आणि बाहेरचा गोंगाट जवळपास बंद होतो. ते खोल जाणं सगळ्यांना सोसत नाही.

निवड कुठलीही करा, टिप कानात नीट न बसता फट राहिली तर सर्वांत आधी खर्ज जातो. घरी आणल्यावर एखादा विलंबित ख्याल लावा, आणि नुसता तानपुरा चालू असताना इअरफोन बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम भरून आला, तर डब्यातली एक माप मोठी टिप लावून बघा.